मॅग्नेशियमच्या जागी पीबीबी: मिशिगनचं पशुखाद्य प्रकरण, १९७३ ते १९७८

पार्श्वभूमी

अमेरिकेच्या मिशिगन राज्यात सेंट लुईस नावाचं एक छोटं गाव आहे. मिसूरीतलं मोठं सेंट लुईस ते हे नव्हे. इथल्या एका रासायनिक कारखान्यात १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला दोन पावडरी बनत. पहिली मॅग्नेशियम ऑक्साइड, विक्रीचं नाव 'न्यूट्रीमास्टर'. दुभत्या गाईला खुराक जास्त आणि वैरण कमी पडली की पोटातली आम्लता वाढते, रवंथ मंदावतं आणि दुधाची फॅट उतरते. ते सावरायला खुराकात मॅग्नेशियम ऑक्साइड घालतात. आपल्याकडचे गोठेवालेही खाण्याच्या सोड्याबरोबर ते वापरतात.

दुसरी पावडर पॉलिब्रोमिनेटेड बायफिनाइलची, म्हणजे पीबीबीची. तिचं नाव 'फायरमास्टर'. टीव्ही, टाइपरायटर अशा यंत्रांच्या प्लास्टिकच्या खोक्यांनी पेट घेऊ नये म्हणून ती प्लास्टिकमध्ये मिसळत. मूळ माल तपकिरी खड्यांचा. पण तो दळून, गोळे होऊ नयेत म्हणून त्यात २ टक्के कॅल्शियम सिलिकेट घातलं की पांढरट भुकटी तयार होई. शेजारी ठेवली तर मॅग्नेशियम ऑक्साइडपासून ती नजरेनं ओळखू येत नसे.

एरवी दोन्ही मालांची पोती छापील आणि वेगवेगळ्या रंगांची असत. मधल्या काळात कागदाची टंचाई झाली आणि दोन्ही माल साध्या तपकिरी कागदी पोत्यांत भरले जाऊ लागले. त्यावर स्टेन्सिलनं काळ्या अक्षरांत नाव. एकावर फायरमास्टर, दुसऱ्यावर न्यूट्रीमास्टर, आणि दोन्ही नावांचा शेवट सारखाच.

मे १९७३च्या सुमारास ५० पौंडांची १० ते २० पोती शेतकरी संघटनेशी जोडलेल्या एका पशुखाद्य कंपनीच्या बॅटल क्रीकजवळच्या गिरणीत मॅग्नेशियम ऑक्साइड म्हणून उतरली. त्यांत पीबीबी होतं.

अडचण: गाई खाईनात

त्याच वर्षीच्या सप्टेंबरात बॅटल क्रीक भागातल्या सुमारे ४०० गाईंच्या एका गोठ्यात दूध एकाएकी खाली आलं. रोजचं १३,००० पौंड, म्हणजे ५,९०० किलोच्या आसपास, वीसेक दिवसांत ७,५०० पौंडांवर उतरलं. गाई दाण्याला तोंड लावेनात. डोळ्यांतून पाणी गळे, अंगावरचे केस झडत, अंगावर गळवं उठत. पुढे खुर वेडेवाकडे वाढू लागले आणि मेलेली वासरं जन्माला येऊ लागली. ताप मात्र नव्हता आणि कासही साफ होती, त्यामुळे संसर्गाचा नेहमीचा हिशेब बसेना.

मालक रसायन अभियांत्रिकी शिकलेला होता. योगायोगाचा हा भाग मान्य करायलाच हवा, कारण त्याच गिरणीचं खाद्य घेणारे इतर गोठेवाले हीच लक्षणं बघत होते आणि त्यांना सांगितलं जात होतं की व्यवस्थापन कमी पडतंय. या मालकानं गोठ्यातला एक बदल हेरला. काही काळापूर्वी '४०२' क्रमांकाच्या गोळी खाद्याची नवी खेप सुरू झाली होती. ऑक्टोबरात त्यानं ते बंद केलं. घसरण थांबली, पण दूध मूळ पातळीवर परतलं नाही. मग त्यानं डझनभर वासरांना फक्त तेच गोळी खाद्य घालून पाहिलं. सहा आठवड्यांत वासरं मरू लागली.

खाद्यात काहीतरी आहे एवढं आता नक्की झालं. ते काय आहे हे कळायला एप्रिल १९७४ उजाडला. हा उशीर का लागला, ते नीट पाहण्यासारखं आहे. गॅस क्रोमॅटोग्राफवर, म्हणजे नमुन्यातले पदार्थ वेगवेगळे करून दाखवणाऱ्या यंत्रावर, नमुना सोडला की हलके पदार्थ नळीतून आधी बाहेर पडतात, जड मागून येतात. बाहेर पडणाऱ्या प्रत्येक पदार्थाचं आलेखावर एक टोक उठतं. नेहमीची कीटकनाशकं अर्ध्या-पाऊण तासात येऊन जातात, म्हणून तेवढा वेळ झाला की यंत्र थांबवून पुढचा नमुना घालायची प्रयोगशाळांची पद्धत. सहा ब्रोमीन अणू असलेलं पीबीबी फार जड. ते नळीत रेंगाळतं आणि बरंच उशिरा बाहेर पडतं. आयोवातल्या एम्सच्या सरकारी पशुरोग प्रयोगशाळेत जेवणाच्या सुट्टीत यंत्र चालूच राहिलं आणि आलेखावर अनोळखी टोकं उठली, असं सांगतात. त्या टोकांना नाव मिळालं मेरीलँडमधल्या बेल्ट्सव्हिलच्या कृषी संशोधन केंद्रात, आणि तेही तिथल्या एका शास्त्रज्ञानं पीबीबी आधी हाताळलं होतं म्हणून. 'काही सापडलं नाही' या अहवालाचा खरा अर्थ 'आम्ही जे शोधत होतो ते सापडलं नाही' एवढाच होता. शेतकऱ्याच्या हाती मात्र पहिलं वाक्य गेलं.

पोती उतरली त्याला तोवर अकरा महिने होत आले होते. त्या अकरा महिन्यांत दूध, लोणी, चीज, अंडी आणि मांस रोजच्यासारखं विकलं गेलं.

पदार्थाचा स्वभाव

पुढचे सगळे निर्णय या पदार्थाच्या स्वभावाशी बांधलेले आहेत, म्हणून त्याबद्दल थोडं इथेच. पीबीबी पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, चरबीत सहज विरघळतं. यकृतातली एन्झाइमं त्याचे तुकडे करू शकत नाहीत, त्यामुळे लघवीवाटे ते बाहेर पडत नाही. जनावराच्या अंगातून ते बाहेर काढणारी मोठी वाट एकच, स्निग्धांशाची. दुभती गाय ते दुधातल्या फॅटबरोबर थोडं थोडं टाकत राहते, कोंबडी अंड्याच्या बलकात. भाकड गाय, बैल आणि गोऱ्हे ते चरबीत साठवून ठेवतात. त्याच कळपातल्या गाभण गाईच्या वासराला ते आधी वारेतून आणि मग चिकातून मिळतं.

हिशेब फॅटवर करायचा तो याचसाठी. दुधाची फॅट ३.५ टक्के धरली आणि फॅटमध्ये ०.३ पीपीएम (दहा लाख भागांत ०.३ भाग, पुढे ठरलेली सरकारी मर्यादा) पीबीबी असलं, तर अख्ख्या दुधात ते साधारण ०.०१ पीपीएम भरतं. साय काढलेल्या दुधात त्याहून पुष्कळ कमी. पण त्याच दुधाचं लोणी काढून कढवलं की तुपात परत ०.३ पीपीएमच्या घरात जातं. उकळणं, पाश्चरायझेशन, दही लावणं यांनी काहीच फरक पडत नाही. पीबीबी बनवलंच होतं आगीला दाद न देण्यासाठी.

एका पोत्यात सुमारे २२.७ किलो माल. तो सारखा पसरला तर फॅटमध्ये ०.३ पीपीएमची पातळी गाठायला सुमारे ७५,००० टन चरबी पुरेल. इथे पोती १० ते २० होती. सगळा माल अर्थातच चरबीत उतरला नाही. पण अख्ख्या राज्याचं दूधदुभतं नासवायला ट्रकभर माल लागत नाही, हे या आकड्यावरून ध्यानात येतं.

समोर असलेले पर्याय

निदान झाल्यावर राज्यापुढे तीन रस्ते होते.

पहिला, थांबण्याचा. खाद्य बदलायचं, जनावरं ठेवायची आणि दुधावाटे पीबीबी उतरेपर्यंत दूध ओतून द्यायचं. कमी बाधा झालेल्या दुभत्या गाईंच्या बाबतीत याला अर्थ होता. भाकड, आजारी किंवा मांसासाठी पाळलेल्या जनावरांच्या बाबतीत नव्हता. शिवाय काही महिने दूध ओतत, वैरण विकत घेत कर्ज फेडणं कुठल्याच गोठ्याला झेपणारं नव्हतं.

दुसरा, त्या गिरणीचं खाद्य गेलेले सगळे कळप सरसकट काढून टाकायचे. आरोग्याच्या दृष्टीनं हा सर्वांत स्वच्छ आणि पैशाच्या दृष्टीनं सर्वांत जड.

तिसरा, एक मर्यादा ठरवायची. तिच्यावरचे कळप अडकवून मारायचे, खालचे मोकळे सोडायचे. हाच निवडला गेला. मग सगळं ओझं एका आकड्यावर आलं.

मे १९७४मध्ये केंद्रीय अन्न आणि औषध प्रशासनानं दूध आणि मांसाच्या फॅटमध्ये १ पीपीएम ही मर्यादा लावली. नोव्हेंबरात ती ०.३ पीपीएम केली, अंडी आणि पशुखाद्यासाठी ०.०५. हे आकडे कुठून आले? त्या वेळच्या यंत्रांना जेवढं खात्रीनं मोजता येत होतं तिथून. माणसाला किती बाधतं याची माहितीच नव्हती, कारण हा पदार्थ खाण्यात येईल असं कुणी धरलंच नव्हतं. मोजण्याची ताकद वाढली तशी मर्यादा उतरली. शास्त्राच्या अंगानं यात गैर काही नाही. पण लोकांपर्यंत हा आकडा 'याखाली सुरक्षित' असा पोहोचला, आणि प्रकरणातला सगळ्यांत महागडा गैरसमज हाच ठरला.

काय केलं

मर्यादेवर निघालेल्या गोठ्यांवर बंदी आली. अशी शेतं ५००हून अधिक भरली. जनावरं मारून पुरली गेली: सुमारे ३०,००० गुरं, काही हजार डुकरं, १,५०० मेंढ्या आणि १५ लाख कोंबड्या. ८००हून जास्त टन पशुखाद्य, सुमारे १८,००० पौंड चीज, २,६०० पौंड लोणी आणि जवळपास ५० लाख अंडी नष्ट केली. पुरण्यासाठी उत्तरेकडच्या कल्कास्का परगण्यात सरकारी जमिनीवर खड्डे खणले.

गिरण्या धुवायचं काम वरून सोपं दिसलं आणि सगळ्यात जास्त तेच फसलं. समजा मिक्सरमध्ये दर फेऱ्याला १ टक्का माल मागे राहतो. दूषित खाद्यात किलोमागे ४ ग्रॅम, म्हणजे ४,००० पीपीएम पीबीबी असेल, तर पुढच्या फेऱ्यात ४० पीपीएम येईल, त्यापुढच्यात ०.४ आणि तिसऱ्यात ०.००४. म्हणजे ०.०५च्या मर्यादेखाली यायला दोन स्वच्छ फेरे वाया घालवावे लागतात, तेही कागदावर. प्रत्यक्षात माल मिक्सरमध्ये जेवढा राहतो त्याहून जास्त खाद्य वर चढवणाऱ्या बादली-उचलकाच्या तळाशी, साठवणीच्या टाक्यांच्या कोपऱ्यांत आणि गोळी यंत्राच्या भोकांत बसतो, आणि तिथून एकसारखा न सुटता ढेकळाढेकळानं सुटतो. आज खाद्य साफ निघतं, आठवड्यानं एखादं ढेकूळ सुटतं. ज्यांनी ४०२ कधी विकत घेतलं नव्हतं त्यांच्याही गोठ्यांत कमी पातळीचं पीबीबी अशा मार्गानं पोहोचलं. शेतातली खाद्याची टाकी, गव्हाणी, शेण आणि शेण टाकलेलं कुरण या जागा तर गिरणी धुतली तरी तशाच राहिल्या.

मर्यादेखालच्या गोठ्यांचं काय? ०.३ला अडकलेल्याला भरपाई, ०.२ला सुटलेल्याला काही नाही. त्या गोठ्यांतल्या गाईही खंगत होत्या, पण त्या विकायला कायद्यानं मोकळ्या होत्या. काहींनी त्या विकल्या. काहींनी विकायला नकार देऊन स्वतःच गोळ्या घालून पुरल्या. कमी पातळीच्या पीबीबीनं गाई आजारी पडतात की नाही, यावर न्यायालयात चौदा महिने खटला चालला आणि १९७८मध्ये शेतकऱ्याच्या विरोधात लागला. मधल्या काळात राज्याच्या विधिमंडळानं १९७७मध्ये कायदा करून मर्यादा ०.०२ पीपीएमवर आणली, केंद्राच्या पंधरापट कडक. अजून हजारो जनावरं गेली. या वेळी पुरायला मायो गावाजवळ चिकणमातीचं अस्तर दिलेला खड्डा केला, गावकऱ्यांचा कडवा विरोध असताना.

माणसांवर काय परिणाम झाला

पहिली पाहणी राज्याच्या आरोग्य खात्यानं केली. बंदी घातलेल्या शेतांवरची कुटुंबं आणि बंदी नसलेल्या शेतांवरची कुटुंबं यांची तुलना झाली. फरक दिसला नाही, आणि 'धोका नाही' अशी बातमी पसरली. खोट अशी की दुसऱ्या गटातल्या बहुतेकांच्या रक्तातही पीबीबी होतं. तीही माणसं तेच दूध आणि तेच मांस खात होती. तुलनेला स्वच्छ गटच नव्हता. पुढे न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय वैद्यकीय संस्थेच्या पथकानं ही चूक टाळून तुलनेसाठी शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यातली शेतकरी कुटुंबं घेतली.

किती लोकांपर्यंत हे पोहोचलं याचा सर्वांत सरळ पुरावा आईच्या दुधातून मिळाला. १९७८मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत राज्याच्या दक्षिण द्वीपकल्पातल्या ५३ मातांपैकी ९६ टक्के मातांच्या दुधात पीबीबी सापडलं. गिरण्यांपासून दूर असलेल्या उत्तर द्वीपकल्पातल्या ४२ मातांमध्ये हे प्रमाण ४३ टक्के होतं. ही पाहणी करणाऱ्या पथकाचे प्रमुख डॉ. लॅरी ब्रिलियंट. भारतातल्या देवीच्या निर्मूलन मोहिमेत काम केलेले हेच ते डॉक्टर.

माणसाच्या शरीरातलं पीबीबी निम्मं व्हायला दहा वर्षांहून जास्त काळ लागतो. त्यामुळे १९७४मध्ये दुधाचा ग्लास रिकामा करणाऱ्या मुलाच्या रक्तात ते चाळीस वर्षांनंतरही मोजता येतं. राज्यानं १९७६च्या सुमारास सुमारे ४,००० लोकांची नोंदवही सुरू केली. पुढे ती एमरी विद्यापीठाकडे गेली. तिच्यातून आलेला एक ठळक निष्कर्ष मुलींबद्दलचा आहे. पोटात असताना जास्त पीबीबी मिळालेल्या आणि नंतर अंगावर दूध प्यालेल्या मुलींना पाळी सरासरी ११.६व्या वर्षी आली. इतर गटांत ती १२.२ ते १२.६ वर्षांच्या दरम्यान आली. उंदीर-घुशींत पीबीबीनं यकृताचा कर्करोग होतो हे प्रयोगांत दिसलं आहे, आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं पीबीबीला 'माणसात बहुधा कर्करोगकारक' या २अ गटात टाकलं आहे.

आईनं दूध पाजावं की नाही, हा प्रश्न तेव्हा फार तापला. सरसकट 'पाजू नका' म्हणणं चुकीचं ठरलं असतं, कारण आईच्या दुधाचे फायदे सोडून देणं ही काही छोटी किंमत नव्हे. आणि बाळाला मिळालेला मोठा वाटा कित्येकदा जन्माआधीच मिळालेला होता. बाधा जास्त असलेल्या मातांचं दूध तपासून एकेकीला सल्ला देणं, हा त्यातल्या त्यात समंजस मार्ग होता. एक गोष्ट मात्र कुणालाही नक्की सांगता आली असती: स्तनपान चालू असताना झपाट्यानं वजन उतरवू नका. चरबी वितळली की तिच्यातलं सगळं रक्तात आणि दुधात येतं.

पीबीबीचा मुख्य घटक हेक्साब्रोमोबायफिनाइल २००९मध्ये स्टॉकहोम कराराच्या, म्हणजे न विघटणाऱ्या सेंद्रिय प्रदूषकांवरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, बंदी यादीत गेला. भारतानं २०१८च्या नियमांनी त्याच्यावर बंदी घातली, इतर सहा रसायनांबरोबर.

कुठे वेगळं करता आलं असतं

पोती उतरताना. मॅग्नेशियम ऑक्साइड ओळखायला यंत्र लागत नाही. चमचाभर भुकटी पाण्यात ढवळून लाल लिटमस बुडवला तर तो निळा होतो. दुसरा चमचा पातळ हायड्रोक्लोरिक आम्लात टाकला तर भांडं गरम लागतं आणि भुकटी विरघळते. पीबीबी लिटमसला बदलत नाही आणि आम्लात जशीच्या तशी राहते. दहा मिनिटांचं काम, आणि ते दर खेपेला एकाच नव्हे तर दर पोत्यावर करायला हवं. इथे काही पोती खरी आणि काही खोटी एकत्र आली असती तर एका पोत्याच्या तपासणीनं काहीच कळलं नसतं.

कारखान्यात. आगरोधक आणि पशुखाद्याचा घटक एकाच छपराखाली बनवायचा असेल तर गोदाम, फावडी, ट्रक आणि पोत्यांचा आकारसुद्धा वेगळा हवा. कागद नाही मिळाला तर खाद्याचा माल थांबवायचा. स्टेन्सिलच्या काळ्या अक्षरांवर विसंबायचं नाही. आणि महिनाअखेरीचा साठा जुळवताना फायरमास्टर कमी, न्यूट्रीमास्टर तेवढाच जास्त दिसला असता. हे कोष्टक कुणी शेजारी ठेवून पाहिलंच नाही.

पहिली तक्रार आली तेव्हा. एका गोठ्याची तक्रार व्यवस्थापनाची असू शकते. एकाच खाद्य क्रमांकाच्या तीन तक्रारी आल्या की विक्री थांबवायची, कारण सापडायची वाट न पाहता. विक्री बंद ठेवल्यानं गिरणीचं जे नुकसान झालं असतं ते पुढच्या एका आठवड्याच्या दूषित विक्रीपुढे किरकोळ होतं. प्रयोगशाळेला नमुना देताना 'कीटकनाशकं तपासा' असं न लिहिता 'जनावरं काय करतात' ते लिहायचं: खात नाहीत, खुर वाढतात, केस झडतात, ताप नाही. चरबीत साठणाऱ्या क्लोरीन-ब्रोमीनच्या जड संयुगांकडे निर्देश करणारी ही लक्षणं पाहून यंत्र आणखी तासभर चालवायचं कुणाला तरी सुचलं असतं.

मर्यादा ठरवताना. दोन आकडे वेगळे ठेवता आले असते: बाजारात काय जाईल याचा एक, भरपाई कुणाला मिळेल याचा दुसरा. दोन्हींना एकच ०.३ लावल्यानं ०.२चा गोठा विकण्याखेरीज मालकाला मार्गच उरला नाही, आणि माल बाजारात गेला तो त्याच दारानं.

नमुने जपताना. या प्रकरणात निदान झालं ते मालकानं जुन्या ४०२च्या गोळ्या टाकून न देता ठेवल्या म्हणून. गिरणीकडे त्या खेपेचे राखून ठेवलेले नमुने असते तर काम काही आठवड्यांत झालं असतं. खाद्याच्या दर खेपेतून अर्धा किलो, काचेच्या बरणीत, तारीख आणि घटकांच्या पोत्यांचे क्रमांक लिहून ठेवावं. प्लास्टिकची पिशवी नको, कारण असे पदार्थ प्लास्टिकला चिकटतात. खाद्य दोन महिन्यांत संपतं म्हणून नमुनाही दोन महिन्यांत फेकायचा नाही. चरबीत साठणाऱ्या विषाची पहिली तक्रार चार-पाच महिन्यांनी येते, म्हणून बरणी किमान वर्षभर ठेवायची.